आधी वही सुधारा, मग यंत्र आणा!



मागच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या बैठकीत नेत्रशिबिराचा विषय निघाला. शिबिरे आपल्याला नवी नाहीत. मांडव घालायचा, पाहुण्यांना श्रीफळ द्यायचे, फोटो काढायचे आणि संध्याकाळपर्यंत शे-दीडशे चष्मे वाटून मोकळे व्हायचे, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. या वेळी मात्र एका उत्साही सभासदांनी नवीच सूचना मांडली. "ज्यांना चष्म्यानेही भागत नाही त्यांना यंदा भिंगे वाटू. डॉक्टरांची वाट कशाला पाहायची? आता एआय आले आहे. वडीलधाऱ्यांना रांगेत बसवा, मोबाइलने डोळ्याचा फोटो घ्या, वय आणि नंबर टाका. कुणाला कोणते भिंग द्यायचे ते यंत्रच सांगेल. माणशी पाच मिनिटे. एका रविवारी शंभर माणसे!"

टाळ्या पडल्या. खरे सांगायचे तर दोन टाळ्या आम्हीही वाजवल्या. घरी पोहोचेपर्यंत त्यांची लाज वाटू लागली. म्हणून हा लेख. कुणाला राग आला तरी चालेल, पण ठराव पक्का होण्याआधी हे बोललेच पाहिजे.

आमची पात्रता आधीच सांगून टाकतो. आम्ही डॉक्टर नाही, इंजिनिअरही नाही. बी.कॉम. करून वीस-बावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे कारकुनी केली, एवढीच आमची ओळख. पण त्या खुर्चीवरून दोन गोष्टी रोज दिसतात. एक, नजर अधू झालेली माणसे पैसे कसे मोजतात आणि सही कशी करतात. दुसरी, कॉम्प्युटर चुकला की त्याचा भुर्दंड कोण भरतो. आमचे सगळे म्हणणे या दोन गोष्टींवर उभे आहे.

आंधळे नव्हेत आणि डोळसही नव्हेत

आधी हा प्रश्न कुणाचा आहे ते समजून घेऊ. मोतीबिंदू काढला, चष्म्याचा नंबर दिला, औषधे झाली, तरीही ज्याला कामापुरते दिसत नाही, पण डोळ्यापुढे पूर्ण अंधारही नाही, अशा माणसाला डॉक्टर 'लो व्हिजन' म्हणतात. आपण अल्पदृष्टी म्हणू. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यात याची व्याख्याच दिली आहे. त्यातल्या त्यात चांगल्या डोळ्याची, चष्म्यासह, नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत. किंवा दृष्टीचा घेर ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत. ६/१८ म्हणजे काय? चांगली नजर असलेल्याला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखू येते, त्यासाठी या माणसाला ६ मीटरवर यावे लागते.

आकड्यांनी कळत नसेल तर आपापल्या घरात पाहा. रावपुऱ्यात समोरून येणाऱ्याला काका ओळख देत नाहीत. लोक म्हणतात, म्हातारपणी मान चढली. त्याच काकांना जमिनीवर पडलेली टाचणी मात्र दिसते. मग सून म्हणते, नाटक करतात. नाटक नसते हो! पडद्याचा मधला भाग झिजला की समोरचा चेहरा पुसला जातो आणि कडेची टाचणी दिसते. काचबिंदूत नेमके उलटे होते. समोरचे दिसते, पण बाजूने येणारी स्कूटर दिसत नाही. मधुमेहवाल्यांची आणखी तिसरीच तऱ्हा. तिघांचा कागदावरचा नंबर एक असू शकतो. तिघांना लागणारे साधन एक नसते.

सरकारी कागद कसे चालतात त्याचा एक नमुना देतो. अंधत्व नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात पूर्वी ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंध असे धरत. २०१७ मध्ये जागतिक व्याख्येशी मेळ घालण्यासाठी ती रेघ ३/६० वर आणली. ठीक आहे, त्यालाही कारणे असतील. पण दोन रेघांच्या मधली माणसे त्या दिवशी 'अंध' या रकान्यातून बाहेर पडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना काडीचेही जास्त दिसू लागले नाही!

आमच्या आत्याचे भिंग

आता घरचीच गोष्ट. आमची आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. दांडियाबाजारातल्या जुन्या घरात सगळे आयुष्य गेले. पहाटे स्नान झाले की पोथी, हा तिचा पन्नास वर्षांचा नेम. चार वर्षांपूर्वी ओळींच्या मधोमध डाग दिसू लागले. डॉक्टरांनी सांगितले, पडद्याचा मधला भाग वयाने झिजला आहे, गेलेले परत येणार नाही.

एका शिबिरात तिला भिंग मिळाले. कुणाचे शिबिर, ते नाव इथे नको. तक्त्यावरची मोठी गुजराती अक्षरे तिने वाचली, वहीत नंबर लिहिला गेला, खोक्यातून भिंग निघाले, सही झाली. सगळे मिळून चार मिनिटे. घरी आल्यावर पोथी उघडली तर काहीच जमेना. गुजराती अक्षराला वर रेघ नसते. आपल्या देवनागरीत डोक्यावर शिरोरेषा, खाली जोडाक्षरे आणि पोथीचा जुना दाट छाप. 'ज्ञ' आणि 'क्ष' तिला शाईच्या ठिपक्यांसारखे दिसत. त्यात तिचा हात कापतो. हातात धरायचे भिंग कागदापासून ठरावीक अंतरावर स्थिर धरले तरच अक्षर स्पष्ट होते. आठवड्याभरात ते भिंग देव्हाऱ्याखालच्या खणात, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी जाऊन पडले. आत्याने पोथी मिटली. तक्रार केली नाही. आपल्या बायका तक्रार करत नाहीत, म्हणून तर आपली शिबिरे यशस्वी होतात!

पुढे वर्षभराने दुसऱ्या एका ठिकाणी दृष्टितपासणी करणाऱ्या एका ताईंकडे तिला नेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "आजी, तुम्हाला काय वाचायचंय?" आत्या गप्पच झाली. हा प्रश्न तिला तोवर कुणी विचारलाच नव्हता. ताईंनी पोथी घेऊन पुन्हा बोलावले. दुसऱ्या खेपेला तासभर बसल्या. हात कापतो हे पाहून कागदावरच टेकणारे, स्वतःचा दिवा असलेले स्टँडचे भिंग दिले आणि ते जवळचा चष्मा घालूनच वापरायचे हे दोनदा बजावले. पोथीसाठी उतरते मेज सुचवले. समोर न पाहता नजर किंचित बाजूला ठेवून मधला डाग चुकवायला शिकवले. ती सवय लागायला दीड महिना गेला. आज आत्या एका बैठकीला पानभर वाचते, मग डोळे थकतात. पूर्वी अध्याय होई, आता पान होते. पण पान होते!

नातवाने मध्यंतरी तिला मोबाइलमधले वाचून दाखवणारे ॲप लावून दिले होते. विजेच्या बिलाला ते उपयोगी पडले. पोथीपुढे धरले तर मराठीला हिंदी समजून वाचू लागले. आत्या म्हणाली, "मला ऐकायचं नाही रे, वाचायचंय. ऐकायला कीर्तन आहे."

गणित सोपे, माणूस अवघड

आता सभासदांच्या सूचनेकडे येऊ. भिंगाची ताकद काढण्याचे गणित मुळात फार सोपे आहे. जुना ठोकताळा असा: नजरेचा अपूर्णांक उलटा करा. ६/६० असेल तर ६० भागिले ६, म्हणजे १० डायॉप्टरपासून सुरुवात. १० डायॉप्टरचे भिंग कागदापासून १० सेंटिमीटरवर धरायचे, २० चे ५ सेंटिमीटरवर. ताकद वाढली की एका वेळी दिसणारी अक्षरे कमी होतात. एवढ्यासाठी एआय कशाला? पाचवीतला मुलगा पाटीवर करून देईल.

खरे काम त्यानंतर सुरू होते. हात कापतो का? घरात उजेड किती? वाचायचे काय, पोथी, पासबुक की औषधाच्या पाकिटावरची तारीख? की वाचायचे नाहीच. तांदूळ निवडायचे, सुईत दोरा ओवायचा आहे? काचबिंदूने दृष्टीचा घेर नळीएवढा झाला असेल तर अक्षर मोठे करून उपयोग काय? मोठे झालेले अक्षर त्या नळीत मावतच नाही! सिटी बसची पाटी वाचायची असेल तर भिंग नव्हे, छोटी दुर्बीण लागते. आणि चारचौघांत डोळ्याला दुर्बीण लावण्याची लाज वाटत असेल तर? यातले काहीही डोळ्याच्या फोटोत दिसत नाही.

हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. मधुमेहाने पडद्यावर परिणाम झाला आहे का, हे फोटोवरून ओळखणारे यंत्र गूगलने केले. २०१६ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आपल्याकडच्या मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालय या संस्थांचाही सहभाग होता. उत्तम काम आहे. पण तिथे प्रश्नाचे उत्तर फोटोतच असते. डाग आहे किंवा नाही. 'आत्याला कोणते भिंग द्यावे' याचे उत्तर अर्धे डोळ्यात आणि अर्धे तिच्या देव्हाऱ्यापुढे असते.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

"पण साहेब, एआय स्वतः शिकते!" असे आम्हाला बैठकीतच ऐकवण्यात आले. बरोबर. ते कशावरून शिकते, एवढेच आम्ही विचारतो. असे यंत्र जुन्या रुग्णांच्या नोंदींवरून शिकते. या वयाच्या, या आजाराच्या, या नजरेच्या माणसाला पूर्वी काय दिले, हे हजारो वेळा पाहून नव्या माणसाला काय द्यावे याचा ते अंदाज बांधते. म्हणजे यंत्राची अक्कल आपल्या वहीएवढीच!

आता आपली वही उघडा. आम्ही उघडली आहे. हिशेब तपासनीस म्हणून दोन वर्षे मंडळाची वही आमच्याकडेच होती. रकाने असे: नाव, वय, नंबर, दिलेली वस्तू, सही. 'वापरली का?' हा रकाना नाही. 'महिन्याने विचारले का?' हा तर नाहीच. आत्याचे नाव ज्या वहीत आहे तीत ती यशस्वी लाभार्थी म्हणून नोंदलेली असणार. भिंग मात्र उदबत्तीशेजारी पडून होते. गोदामातून माल निघाला म्हणजे तो खपला, असे मांडवीतला कोणता व्यापारी मानतो? आपण मात्र 'दिले' या शब्दालाच 'लाभले' समजून हिशेब पुरा करतो.

शिवाय त्या वहीत हातातलेच भिंग का जास्त? खोक्यात तेच होते म्हणून. स्वस्त होते म्हणून. यंत्राला हे कसे कळणार? ते एवढेच शिकेल की म्हातारी बाई, जुन्या शहरातली, म्हणजे हातातले स्वस्त भिंग. आपली कंजुषी उद्या शास्त्र म्हणून आपल्यालाच परत मिळेल आणि तिच्याशी वाद घालायची सोयही राहणार नाही.

ही आमची कल्पना नव्हे. अमेरिकेत मोठमोठ्या दवाखान्यांत एक प्रणाली वापरात होती. कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यावी हे ती सांगे. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तिची तपासणी प्रसिद्ध झाली. प्रणाली गरज मोजत नव्हती, पूर्वी उपचारावर झालेला खर्च मोजत होती. काळ्या लोकांवर पूर्वीपासून खर्च कमी होत आला, म्हणून ते आजारी असूनही यंत्राच्या लेखी बरे ठरले. दोष काढला असता तर जादा देखभाल मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. यंत्राच्या मनात कुणाविषयी आकस नव्हता. वही तशी होती!

आणि वही चांगली असूनही मैदानात काय होते ते थायलंडने पाहिले. गूगलचे तेच डोळ्याचे यंत्र तिथल्या ११ दवाखान्यांत नेले. २०२० मध्ये त्याचा अहवाल आला. पाचातल्या एकाहून अधिक फोटो यंत्राने नाकारले, कारण खोलीत पुरेसा अंधार नव्हता, फोटो नीट आले नव्हते. लोकांना पुन्हा दुसरीकडे तपासणीला जावे लागले. आपला मांडव तर भर रस्त्यावर असतो!

"सिस्टिम घेत नाही"

या विषयात आम्ही स्वतः निर्दोष नाही, हेही कबूल करतो. आमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत लेजरची माहिती कॉम्प्युटरमध्ये चढवण्याचे काम चालले होते. रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसायचो. एका विधवा बाईंच्या आडनावाचे स्पेलिंग लेजरातच चुकलेले होते. लेजरच्या काळात काउंटरवरचा माणूस त्यांना ओळखत होता, त्यामुळे चूक असूनही काम अडत नसे. कॉम्प्युटरमध्ये चढल्यावर तीच चूक पक्की झाली. पुढे आधारवरच्या नावाशी जुळेना आणि पेन्शन अडले. त्या बाई तीनदा आल्या. तीनदा आम्ही त्यांना एकच वाक्य ऐकवले: "बेन, सिस्टिम घेत नाही." मराठी बाईंना आम्ही 'बेन' म्हणालो, इतके आम्ही स्क्रीनकडे पाहत होतो आणि त्यांच्याकडे पाहत नव्हतो. चूक आमच्याच कोणाची तरी होती. पण सिस्टिमचे नाव घेतले की चूक कुणाचीच राहत नाही.

उद्या शिबिरात आत्यासारखी कुणी म्हणेल, "या भिंगाने मला दिसत नाही." त्यावर आपला स्वयंसेवक म्हणेल, "आजी, एआयने हेच सांगितलंय." मग ती आजी कुणाशी भांडणार?

ज्यांच्यासाठी यंत्र करायचे त्यांना न विचारता ते केले की काय होते, हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहे. बँकेची ओळखपडताळणी घरबसल्या करताना कॅमेऱ्यापुढे डोळ्यांची उघडझाप करा, असे यंत्र सांगते. ज्यांचे डोळे ॲसिडहल्ल्यात गेले, ज्यांना दिसतच नाही, त्यांनी काय करायचे? ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि पद्धत बदलण्यासाठी वीस निर्देश दिले. त्यासाठी पीडितांना न्यायालयात जावे लागले. आपल्या आज्या न्यायालयात जाणार नाहीत. त्या पोथी मिटतील.

मग उपाय काय? तो बँकेतच आहे. आमच्याकडे मोठ्या रकमेचे व्हाउचर एकाने भरले की दुसऱ्याने तपासून पास केल्याशिवाय पैसा हलत नाही. तिथे दोन माणसांची जबाबदारी असतेच. यंत्राने सुचवावे, जरूर सुचवावे. पण प्रशिक्षित माणसाने माणसाकडे पाहून पास केल्याशिवाय भिंग हातात पडता कामा नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यक्षेत्रातल्या एआयसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांतही माणसाची देखरेख आणि ठरलेली जबाबदारी यांवर भर आहे. पैशाला दोन सह्या आणि डोळ्याला एकही नाही, हा कुठला न्याय?

"माणसे आणायची कोठून?"

हा आक्षेप खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. तासभर बसून भिंग जुळवणारी माणसे आपल्या देशात थोडी आहेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. त्याला मीरा आणि एल. बी. देशपांडे यांचे नाव आहे, हे आपल्या लोकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो. याच संस्थेने २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टबरोबर डोळ्यांसाठीच्या एआयचे काम हाती घेतले. म्हणजे यंत्र आणणाऱ्यांनी माणसाचे केंद्र बंद केले नाही! आपण मात्र केंद्र नसतानाच यंत्र आणायला निघालो आहोत.

माणसे थोडी आहेत म्हणून यंत्राला योग्य ते काम द्या. कुणाची तपासणी आधी व्हावी याची यादी करू दे. पहिले कोणते भिंग लावून पाहावे हे सुचवू दे, म्हणजे ताईंची दहा मिनिटे वाचतील आणि ती आजीशी बोलण्यात जातील. महिन्याने कुणाला फोन करायचा याची आठवण देऊ दे. नोटा ओळखू दे. ५०० ची नोट १५० मिलिमीटर लांब, २०० ची १४६. रुंदी दोन्हींची ६६. चार मिलिमीटरच्या फरकावर आपली म्हातारी माणसे भाजीवाल्याकडे फसतात. रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०२० पासून 'मनी' नावाचे मोफत ॲप दिले आहे, ते कॅमेऱ्याने नोट ओळखून सांगते. त्याचे आम्ही स्वतः काउंटरवर दहा जणांना शिक्षण दिले. यंत्राचा आम्हाला राग नाही. माणशी पाच मिनिटे देऊन शंभर माणसे 'उरकण्याचा' राग आहे.

आणि साधी साधने तरी आपण कुठे नीट वापरतो? रिझर्व्ह बँकेने मे २०१४ मध्ये सांगितले की प्रत्येक शाखेत अल्पदृष्टी ग्राहकांसाठी भिंग ठेवावे. एका शाखेत आम्ही ते पाहिले आहे, ड्रॉवरमध्ये, स्टेपलरच्या पिनांच्या खोक्याखाली. ते काढून काउंटरवर ठेवायला एआय लागत नाही. आम्हाला मात्र ते ठेवायला काही वर्षे लागली, हे नमूद करतो.

महाराजांचे नाव घेता ना?

आता थोडे कटू. बडोद्यातल्या आपल्या जुन्या घराण्यांना सयाजीराव महाराजांचा अभिमान आहे, आणि असावा. १९०६ मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालये उभी केली, पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी फिरवली. माणूस पुस्तकापर्यंत येत नसेल तर पुस्तक माणसापर्यंत जाईल, अशी ती व्यवस्था होती. २०१८ मध्ये याच शहरात एक्क्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा हे सगळे व्यासपीठावरून किती वेळा सांगितले गेले! आम्हीही तिथे खुर्च्या मांडायला होतो.

पण त्या शाळांनी आणि ग्रंथालयांनी घडवलेल्या घरांतली शेवटची वाचती पिढी आज आपल्या घरात डोळ्यांपुढे डाग घेऊन बसली आहे. तिची पोथी, तिचा दिवाळी अंक, तिच्या माहेरची पत्रे कपाटात आहेत. आपली मुले मराठी किती वाचतात ते आपण जाणतो. ज्या घरात मराठी वाचणारे एकच माणूस उरले आहे, त्याचे वाचन थांबले की त्या घरातले मराठी वाचनच थांबते. हे वाचवणे हे मंडळाचे काम नाही, तर मग गणपतीत लावणीचा कार्यक्रम ठेवणे एवढेच काम आहे काय?

आणि पुढाऱ्यांविषयी. निवडणूक आली की सगळ्या पक्षांचे लोक आपल्या मांडवात येतात. चष्म्याच्या डबीवर स्वतःचा फोटो छापतात. कोणत्याही एका पक्षाविषयी आम्ही बोलत नाही. डबी सगळ्यांची सारखीच असते. यापुढे त्यांना डबी मागू नका. शहरातल्या सरकारी रुग्णालयात अल्पदृष्टीसाठी आठवड्यातून ठरलेला दिवस आणि ठरलेला माणूस मागा. केंद्राच्या साहाय्य योजनेत साधने मिळतात, पण ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. तो काढायला वडीलधाऱ्यांना किती खेपा घालाव्या लागतात, ते विचारा.

ठराव

टीका करून मोकळे व्हायचे नाही, म्हणून येत्या बैठकीत पुढील ठराव मांडत आहोत.

१. शिबिरात भिंग वाटण्यापूर्वी प्रत्येकाला 'तुम्हाला काय वाचायचे किंवा करायचे आहे?' हे विचारावे आणि उत्तर वहीत लिहावे. ज्याला मराठी वाचायचे आहे त्याची चाचणी देवनागरी मजकुरावर, शक्यतो त्याच्या स्वतःच्या पुस्तकावर घ्यावी.

२. वहीत दोन रकाने वाढवावेत: 'महिन्याने वापरतात का?' आणि 'नसल्यास का?' आपल्या तरुण सभासदांनी घरी जाऊन हे भरावे. न जमलेले भिंग बदलून द्यावे.

३. यंत्राची मदत घेतल्यास त्याने काय सुचवले आणि प्रशिक्षित माणसाने शेवटी काय दिले, हे दोन्ही लिहावे. जबाबदारीची सही माणसाचीच असावी.

४. वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांचे फोटो आणि माहिती कुणाकडे राहणार, हे लेखी घेतल्याशिवाय कुणालाही शिबिरात यंत्र लावू देऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा आहे. संमती विचारून घ्यायची असते, अंगठा धरून नव्हे.

५. एका रविवारी शंभर माणसे नकोत. दहा माणसे, दहा रविवार.

अशी दोन वर्षे वही नीट भरली तर तिच्यात काही शिकण्यासारखे असेल. मग खुशाल यंत्र आणा. आम्ही स्वतः नोंदी चढवायला रात्री बसू, सवय आहे.

ठरावाचे सूचक आम्ही आहोत. अनुमोदक हवा आहे. ज्यांच्या घरच्या खणात न वापरलेले भिंग पडले आहे त्यांनी ते बैठकीला घेऊन यावे, आणि हात वर करताना तेच हातात धरावे.